हृदयाच्या पेशीत कोण कुणाला धरून बसलंय?

मागच्या अंकात हृदयाच्या स्नायूवर दोन पानं लिहिली होती, तर यावेळी पत्रांचा ढीग आलाय, आणि गंमत म्हणजे कोलेस्टेरॉलबद्दल एकच पत्र, बाकी बहुतेक सगळी पेशीतल्या प्रोटीनबद्दल. मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवायचे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कुणी गोळी सुरू करू की बंद करू असलं मला विचारू नका. जागा कमी म्हणून निवडक पत्रं घेतलीयत. नावं गाळलीयत, गावं ठेवलीयत.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. पुस्तकात आहे की ॲक्टिन आणि मायोसिन एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. पण नेटवर बघितलं तर हृदयाच्या पेशीत टायटिन, डेस्मिन, मायोमेसिन अशी नावंच नावं. काम दोघंच करतायत तर बाकीचे कशाला?
— विद्यार्थिनी, गुहागर

बाळा, तू कधी रापण ओढताना बघितलीयस का? नसशील तर मालवणकडे कुणी नातेवाईक असतील त्यांच्याकडे जा आणि सकाळी लवकर किनाऱ्यावर उभी रहा. होडी समुद्रात अर्धगोल मारत जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात आणि मग दोन्हीकडे माणसं रांगेत उभी राहून ओढतात. आता नीट बघायचं ते हे, की दोरी आखूड होत नाही, ती होती तेवढीच राहते, फक्त हातांतून मागे सरकत जाते, आणि सगळे एकदम हात सोडत नाहीत, एकाने पकड बदलली तर बाकीच्यांनी धरून ठेवलेली असते, नाहीतर लाट सगळं परत घेऊन जाईल.

स्नायूत अगदी हेच चालतं. १९५४ साली नेचर मासिकाच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांनी हे मांडलं, एका गटात अँड्र्यू हक्सली आणि राल्फ नीडरगेर्के, दुसऱ्यात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन (दोन्ही हक्सली एकमेकांचे कुणी लागत नाहीत, परीक्षेत भाऊ लिहून येऊ नकोस, माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी लिहायचं). ॲक्टिन म्हणजे दोरी, मायोसिनची डोकी म्हणजे ओढणारे हात. मायोसिनच्या एका जाड जुडीत साधारण ३०० रेणू असतात आणि प्रत्येकाला दोन डोकी. फरक एवढाच की इथे ओढणारे मधोमध उभे असतात आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या आपल्याकडे खेचतात. असं एक घर म्हणजे सार्कोमिअर, लांबी २ मायक्रोमीटरच्या आसपास. तुझ्या एका केसाच्या जाडीत अशी ३०-४० घरं ओळीने बसतील.

आता तुझा प्रश्न. रापणीत नुसती दोरी आणि माणसं असून भागतं का? दोरी जाळ्याला कुठेतरी पक्की बांधलेली लागते, माणसं ठराविक अंतरावर लागतात, एकमेकांच्या पायात येऊन चालत नाही. पेशीत ही सगळी बांधाबांध "बाकीचे" करतात. घराच्या दोन्ही टोकांना झेड-डिस्क नावाची भिंत असते, शेजारच्या दोन घरांना सामायिक. या घरातली ॲक्टिनची टोकं एका बाजूने त्या भिंतीत शिरतात आणि पलीकडच्या घरातली दुसऱ्या बाजूने, आणि अल्फा-ॲक्टिनिन नावाचं प्रोटीन त्यांना आडव्या रिपांसारखं एकमेकांना जोडून ठेवतं. मधोमध एम-लाइन, तिथे मायोमेसिन मायोसिनच्या जुड्यांना एकमेकींपासून सारख्या अंतरावर धरतं. अंतर म्हणजे किती काटेकोर, तर आडवा छेद घेतला की प्रत्येक जाड जुडीभोवती सहा ॲक्टिन षटकोनात उभे दिसतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे.

आणि या सगळ्याच्या आत टायटिन. हा माझा लाडका, त्यामुळे जरा जास्त लिहिते. आपल्याला माहीत असलेल्या प्रोटीनमधलं सगळ्यात मोठं, वजन ३० लाख डाल्टनच्या वर (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक), ॲक्टिनचा एक मणी फक्त ४२ हजारांचा असतो, यावरून समज. एकच रेणू झेड-डिस्कपासून निघतो आणि थेट एम-लाइनपर्यंत पोचतो, म्हणजे अर्धं घर एकट्याने पार करतो. जपानमध्ये मारुयामांनी सत्तरच्या दशकात याला कनेक्टिन म्हटलं, १९७९ मध्ये कुआन वँग यांनी टायटिन म्हटलं, आणि हेच नाव टिकलं. झेड-डिस्कपाशी दोन टायटिनची टोकं टेलेथोनिन नावाचं छोटंसं प्रोटीन मधे बसून असं घट्ट चिकटवतं की ओढून सुटता सुटत नाहीत. पुढचा भाग लवचिक, बेचकीच्या रबरासारखा, हृदय भरताना ताणला जातो आणि परत आणतो. आणि त्याच्याही पुढचा भाग मायोसिनच्या जुडीला थेट एम-लाइनपर्यंत चिकटलेला असतो, मापपट्टी ठेवावी तसा. मापपट्टी हे नुसतं बोलायला नाही हं, उंदरात या भागातला तुकडा काढून टाकला तर मायोसिनची जुडीच आखूड निघाली आणि हृदय पसरट होऊन कमकुवत झालं.

म्हणून तुझ्या "बाकीचे कशाला" ला माझं उत्तर असं की कामाचे दोघं हे खरं, पण ते दोघं कुठे उभे राहणार हे बाकीचे ठरवतात. जाता जाता डेस्मिनही सांगते, हे प्रोटीन झेड-डिस्कभोवती जाळं विणतं आणि एका शेजारी एक असलेल्या धाग्यांच्या भिंती एका रेषेत ठेवतं, त्यामुळेच सूक्ष्मदर्शकातून पेशीवर आडवे पट्टे दिसतात. तेच जाळं पुढे पेशीच्या कडेला आणि केंद्रकालाही जाऊन बांधलेलं असतं. डेस्मिन बिघडलं की धागे तिरपे होतात, त्यांच्यामधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, भलतीकडे जातात. टायटिनचं पूर्ण रासायनिक नाव १,८९,८१९ अक्षरांचं आहे म्हणतात ते इंग्रजीत, तेवढं पाठ करू नकोस.

प्रश्न : एवढ्या बारीक जागेत अमुक प्रोटीन इथे, तमुक तिथे, हे शास्त्रज्ञांना दिसतं कसं? की अंदाजपंचे?
— निवृत्त तलाठी, देवगड

तुम्ही मोजणीवाले, तुम्हाला शंका येणारच. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या आतल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत आणि झेड-डिस्कची जाडीच १०० नॅनोमीटरच्या आसपास. मग करतात काय, तर एखाद्या प्रोटीनलाच चिकटेल अशी अँटिबॉडी घेतात, तिला चमकणारा रंग लावतात आणि पेशीत सोडतात. डेस्मिन हिरवं, मायोमेसिन लाल असं केलं की पट्टे आलटून पालटून दिसतात, एकही हिरवा लालमध्ये नाही. त्याहून बारीक बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, आणि अलीकडे पेशी चटकन गोठवून, तिचा पातळ काप तासून, वेगवेगळ्या कोनांतून काढलेली चित्रं जोडायची पद्धत, तिच्यातून २०२३ मध्ये हृदयाच्या मायोसिनच्या जुडीची रचना टायटिनसकट बाहेर आली.

कोण कुठे बसतो ते झालं. कोण कुणाला धरतो हे शोधायला चक्क गळ टाकतात. मी विनोद नाही करत, त्या पद्धतीत एका प्रोटीनला आमिष आणि दुसऱ्याला सावजच म्हणतात. एक प्रोटीन पकडून ओढायचं आणि त्याच्याबरोबर काय काय लागून आलं ते बघायचं. यात फसगतही होते बरं का. हा गळ बऱ्याचदा यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या, पेशीत टाकतात. तिथे दोन प्रोटीनची जोडी जमली म्हणून हृदयात ती जमतेच असं नाही, कारण हृदयात एक असतं झेड-डिस्कपाशी आणि दुसरं एम-लाइनवर, जन्मात भेट नाही. सातबाऱ्यावर नाव आहे पण जमिनीवर कबजा कुणाचा, हे जाऊन बघावंच लागतं ना, तसं. त्यामुळे गळाला लागलेली जोडी पेशीतही एकाच जागी चमकते का, हे तपासल्याशिवाय मी तरी त्यावर विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री तालुक्याला नेलं. ट्रोपोनिनची टेस्ट केली, नॉर्मल आली. तरी तीन तासांनी परत रक्त घेतलं, परत पैसे. नॉर्मल आलेली टेस्ट दोनदा कशाला? आम्हाला येडं समजतात का?
— गृहिणी, कणकवलीजवळचं गाव

ताई, बिलाचा राग येतो हे मान्य, पण इथे डॉक्टर बरोबर होते.

ट्रोपोनिन हे तीन तुकड्यांचं कुलूप आहे आणि ते बसतं वर सांगितलेल्या ॲक्टिनच्या दोरीवर. दोरीच्या अंगाने ट्रोपोमायोसिन नावाची पट्टी गेलेली असते, दोरीतल्या दर सात ॲक्टिन-मण्यांमागे एक पट्टी आणि तिच्यावर एक कुलूप. ट्रोपोनिन-टी पट्टीला धरतं, ट्रोपोनिन-आय पकड अडवून ठेवतं, आणि ट्रोपोनिन-सी कॅल्शियमची वाट बघत असतं. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आलं की पट्टी सरकते, मायोसिनला दोरी मोकळी होते, कॅल्शियम गेलं की परत बंद. यातले टी आणि आय हातापायांच्या स्नायूत वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून रक्तात हृदयाचेच सापडले की ते हृदयातूनच आलेत हे कळतं.

आता दोनदा का. बहुतेक ट्रोपोनिन दोरीला घट्ट बांधलेलं असतं, पेशीत सुटं असं अगदी थोडं. पेशीला इजा झाली की आधी ते सुटं बाहेर पडतं आणि बांधलेलं मग दोरी कुजत जाईल तसं हळूहळू. त्यामुळे दुखणं सुरू झाल्यावर लगेच रक्त काढलं तर आकडा अजून चढलेलाच नसतो, आणि दुसऱ्या वेळी बघायचं ते हे की आकडा चढतोय का. याच कारणाने अटॅकनंतर तो पुढे बरेच दिवस वर राहतो. किडनीच्या आजारात वगैरेही थोडा वाढलेला असू शकतो, म्हणून एका आकड्यावर कुणी निकाल लावत नाही. दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा, वेळ लिहिलेले.

प्रश्न : आमची होडी आहे. बंदरात होड्या एकीला एक बांधून ठेवतो, लाट आली की कचकच ओढतात, दोर काचतो, दर सीझनला बदलावा लागतो. हृदय दिवसाला लाख वेळा ओढतं म्हणतात, मग त्या पेशी एकमेकींपासून फाटत कशा नाहीत?
— एक वाचक, हर्णै

दादा, असा प्रश्न मला तीस वर्षांत एकाही एमएस्सीच्या पोराने विचारला नाही.

हृदयाच्या पेशी टोकाला टोक लावून असतात आणि त्या सांध्याला इंटरकॅलेटेड डिस्क म्हणतात, जिन्यासारखी नागमोडी, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. तिथे तीन प्रकारची बांधणी आहे. एक, जिथे शेवटच्या घरातल्या ॲक्टिनच्या दोऱ्या येऊन संपतात बरोबर तिथेच एन-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन पेशीच्या बाहेर हात काढतं आणि पलीकडच्या पेशीच्या तशाच हाताला धरतं. म्हणजे ओढ जिथे येते तिथेच खुंटा. दोन, डेस्मोसोम, हे बटणासारखे टाके. आतून डेस्मिनचं जाळं डेस्मोप्लाकिनला बांधलेलं, डेस्मोप्लाकिन प्लाकोग्लोबिन आणि प्लाकोफिलिनला, आणि ते बाहेरच्या हातांना. तीन, कनेक्सिन-४३ च्या नळ्या, या बांधायला नाहीत, या होडीतून होडीत हाक द्यायला, वीज एका पेशीतून दुसरीत जाते ती यांतून.

तुम्ही दोर सीझनला बदलता ना, हृदय तर बंदरात न येता, चालत्या होडीत बदलतं. ही प्रोटीनं झिजतात, काढली जातात आणि नवीन बसतात, काहींना थोडेच दिवस लागतात, आणि ठोका एकही चुकत नाही. पेशी मात्र बदलत नाहीत फारशा, पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का, म्हातारपणी त्याच्या निम्म्याहून कमी. हे स्वीडनमध्ये २००९ साली काढलं, अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत वाढलेला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) पेशींच्या डीएनएत किती सापडतो त्यावरून.

आणि फाटतच नाहीत असंही नाही. ग्रीसमध्ये नॅक्सॉस नावाचं बेट आहे. तिथल्या काही कुटुंबांत एक आजार सापडला, १९८६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी तो मांडला. केस जन्मापासून लोकरीसारखे, तळहात-तळपाय जाड, आणि मोठेपणी हृदयाचे ठोके बिघडणं, कुणाला अचानक मृत्यू. केस, कातडी आणि हृदय यांचा काय संबंध? तर २००० साली कळलं की बिघाड प्लाकोग्लोबिनमध्ये आहे, आणि जिथे जिथे रोज ओढाताण आहे तिथे हेच टाके असतात. टाके सैल झाले की शेजारच्या कनेक्सिनच्या नळ्याही कमी होतात, म्हणून नुसती पकड जात नाही, हाकही गडबडते आणि ठोका बिघडतो. पेशी मरून तिथे चरबी आणि चट्टे भरतात. अशा माणसाने जोराचा खेळ, व्यायाम केला तर सांध्यावर ताण येऊन आजार वाढतो, म्हणून डॉक्टर आधी तेच थांबवतात.

आता हे वाचून पायाला भेगा असलेली अर्धी हर्णै दवाखान्यात जाईल. नका जाऊ. अनवाणी वाळूत आणि खाऱ्या पाण्यात चालून पडणाऱ्या भेगा वेगळ्या. पण घरात तरणंताठं कुणी खेळताना, पोहताना बेशुद्ध पडलं असेल, किंवा चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर बाकीच्या भावंडांचा ईसीजी आणि इको करून घ्या, आणि करताना हा इतिहास सांगा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की चार टक्के भारतीयांच्या हृदयातलं प्रोटीन जन्मतःच तुटलेलं असतं. खरं की फॉरवर्ड?
— चाकरमानी, मूळ गाव लांजा, मुक्काम डोंबिवली

यावेळी फॉरवर्डमध्ये तथ्य आहे, फक्त "तुटलेलं" हा शब्द मसाला आहे. २००९ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या संशोधनात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे लोक होते, असं दिसलं की मायोसिन-बायंडिंग प्रोटीन-सी च्या जनुकात डीएनएच्या २५ अक्षरांचा एक तुकडा भारतीय उपखंडातल्या जवळपास ४ टक्के लोकांत गळालेला आहे आणि अशा लोकांत हृदय कमकुवत होण्याचा धोका जास्त.

हे प्रोटीन बसतं कुठे ते महत्त्वाचं. मायोसिनच्या जुडीवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, ४३ नॅनोमीटरच्या अंतराने नऊपर्यंत पट्टे असतात, तिथेच, बाकी कुठेही नाही. शेपटीकडून ते जुडीला धरतं आणि डोक्याकडून ॲक्टिनपर्यंत पोचतं, मायोसिनच्या हातांनी किती जोर लावायचा त्यावर याचा दाब असतो. रापणीवर जो बाप्या न ओढता नुसता "हां, आता सावकाश" म्हणत फिरतो ना, तो. त्या २५ अक्षरांमुळे बदलते ती शेपटी, म्हणजे नेमकी धरायची बाजू. जागाच पकडता आली नाही तर बाकीचं प्रोटीन धडधाकट असून उपयोग काय.

तरी घाबरू नका. हा तुकडा गळालेल्या कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही, आणि नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की यातल्या थोड्या लोकांत त्याच जनुकात आणखी एक बदल सोबत असतो आणि त्रास त्यांच्यात जास्त दिसतो. म्हणून उगाच हजारो रुपयांची जनुक तपासणी करू नका, घरात हृदयाचा स्नायू जाड झालेला किंवा पसरलेला रुग्ण असेल तरच डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : जिमवाला म्हणतो प्रोटीन पावडरने हार्ट मसल पण स्ट्राँग होतो.
— चिपळूण

पावडर पोटात गेली की तिचे अमिनो ॲसिड होतात, मग ती पावडर असो, कुळथाची पिठी असो की बांगडा. त्यातून टायटिन करायचं की नख, हे पेशी ठरवते. बांगडा स्वस्त पडेल.

प्रश्न : शाळेत नववी-दहावीला हे दाखवता येईल का? आमच्याकडे एकच मायक्रोस्कोप आहे.
— शिक्षक, राजापूर

येईल की. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, बकऱ्याचं हृदय ताजं हवं. डाव्या कप्प्याची जाड भिंत ओळखायची सोपी खूण म्हणजे दाबून बघा, जी बाजू चेपत नाही ती. तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवा आणि दोन सुयांनी पिंजा, कापूस पिंजतात तसा, अजून वाटलं की झालं तरी अजून पाच मिनिटं पिंजा, सगळे इथेच कंटाळतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. मिथिलीन ब्लूचा थेंब, वर कव्हरस्लिप, कागदाने हलके दाबायचं. चाळीसच्या भिंगाखाली आणा आणि मुख्य म्हणजे खालचा पडदा बऱ्यापैकी बंद करा, जास्त उजेडात पट्टे पुसले जातात. फांद्या फुटलेले धागे दिसतील आणि नीट फोकस फिरवला तर त्यांवर आडव्या बारीक रेघा. मधेमधे एखादी जाड, जिन्यासारखी रेघ आली तर तीच इंटरकॅलेटेड डिस्क, सगळ्या पोरांना ओळीने दाखवा, हाताने काच हलवू देऊ नका.

आणि उरलेलं हृदय डब्यात घालून वर वजन ठेवा. आमच्या लॅबच्या पायरीवर एक पिवळी मांजर बसायची, तिला प्रॅक्टिकलचा वार पाठ होता.